यांगझोमची मूठ

हिमालयात, जिथे वर्षातले सहा महिने बर्फाचंच राज्य, अशा एका गावात यांगझोम नावाची एक बाई राहत होती. तिच्या अंगणात जर्दाळूचं एक झाड होतं. गावाची रीत मोठी गमतीची. ज्याच्या जर्दाळूला पहिलं फूल येईल, त्या घराने शेतात सातूची पहिली मूठ टाकायची, मग साऱ्या गावाने पेरायचं. कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं असे, पण त्याला विचारतो कोण?

यांगझोमच्या घराला हा मान कधीच मिळाला नव्हता. तिची सासू बिचारी वाट पाहता पाहता गेली. आणि यंदा नवलच झालं. हिवाळ्यात बर्फ जेमतेम पडलं, ऊन लवकर तापलं, आणि एका सकाळी यांगझोमचं झाड फुलांनी डवरून गेलं. तेही नेहमीपेक्षा बावीस दिवस आधी! बाई आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होती. अनवाणी धावत तिने घरोघरी बातमी दिली. लगेच ढोल वाजू लागले, बियाण्याची पोती बाहेर निघाली, याकांच्या मानेवर जू चढलं.

मूठ टाकण्याआधी ओढ्यात हात धुवायचे, हीही रीतच. यांगझोम नाचत ओढ्यावर गेली, तर ओढा दगडासारखा गोठलेला. परत येताना ती झाडाखाली थांबली. हजारो फुलं, पण मधमाशी एकही नाही. झाड उन्हाला फसलं होतं. सातू उगवला तर त्याला पाणी कुठून मिळणार? कडाका परतला तर कोवळे अंकुर टिकणार कसे? आणि बियाणं तर गावाकडे एकदाच पेरण्यापुरतं.

शेतात सारा गाव जमला होता. म्हाताऱ्या नोरबूंनी, ज्यांना सगळे मेमे म्हणजे आजोबा म्हणत, तिच्या हातात सातू दिला. ढोल थांबले. यांगझोमने मूठ उचलली, आणि तशीच धरून ठेवली.

"मेमे, माझं झाड फसलंय," ती म्हणाली. "त्याच्या नादाने मी गावाला फसवणार नाही."

लोक कुजबुजले, काही हसलेही. मेमेंनी तिला बजावलं, की हे फूल आजवर कधी चुकलेलं नाही, आणि मूठ परत पोत्यात गेली तर मानही गेला.

"झाड तेच आहे, मेमे. हिवाळा तो राहिला नाही."

असं म्हणून तिने मूठ पोत्यात रिकामी केली. तिचे डोळे भरून आले होते.

गोठलेला ओढा स्वतः पाहून आल्यावर मेमेंनी आठ दिवस थांबायचं ठरवलं. चौथ्याच दिवशी आभाळ फाटल्यासारखं बर्फ कोसळलं. जर्दाळूची फुलं काळी पडली, यांगझोमला यंदा एकही फळ मिळणार नव्हतं. पण पोत्यांतलं बियाणं दाण्यादाण्याने शाबूत होतं.

पुढे ओढा खळाळू लागला, मधमाश्या आल्या, आणि गावात पुन्हा ढोल वाजले. पहिलं फूल यावेळी शेजारच्या रिगझिनच्या झाडाला आलं होतं. तो सुपात सातूचं बियाणं घेऊन सरळ यांगझोमच्या दारात आला.

"वहिनी, हात धुऊन या," तो म्हणाला. "ओढा वाहतोय."

तेव्हापासून तो गाव फुलाला विचारतो, पण ओढ्याला आणि मधमाशीलाही विचारल्याशिवाय पेरत नाही.

तात्पर्य: ऋतू बदलले की जुन्या खुणाही पुन्हा तपासाव्या लागतात, आणि खूण चुकली हे ज्याला आधी कळतं, त्याने आपला मान गेला तरी ते सांगावं.