टायरची उजवी कड

“...ते सगळं ऱ्हाऊ दे, वस्ताद. नवी गाडी घेऊ का नको, एवढंच सांगा.”

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. ते एअर फिल्टरचा स्पंज पेट्रोलात पिळत होते. पिळून झाला, उजेडाकडे धरून बघितला, परत बुडवला.

विचारणारी होती राजनंदिनी इंगवले. वय तेवीस. मातीच्या ट्रॅकवर, उंचवट्यांवरून उड्या मारत ज्या मोटरसायकली पळवतात, त्या शर्यतींत आमच्या भागातली पोरं आधी तिचं नाव घेतात आणि मग नाइलाजानं स्वतःचं. सलग दोन वर्षं ती पोरांच्यात उतरून पहिली आली होती. हे कुणी विसरलंच तर ती आठवण करून द्यायची.

बाबालाल शिकलगार हे तिचे वस्ताद. कोल्हापुरात पैलवानाला वस्ताद असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोटरसायकलवाल्यालाही असतो, हे गारगोटी रस्त्याच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात गेल्याशिवाय कळत नाही. म्हातारा सत्तरीचा. डावा गुडघा वाकत नाही. गॅरेजच्या मागच्या मुरमाड माळावर त्यांनी स्वतः फावड्यानं एक ट्रॅक आखलेला होता.

मी तिथं कसा, तर माझी स्कूटर. “उद्या देतो” म्हणून त्यांनी ठेवून घेतली त्याला अकरा दिवस झाले होते. टपाल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ताटकळत ठेवायला जग कचरत नाही. मी रोज सकाळी जायचो, बाकड्यावर बसायचो, त्यांचाच चहा प्यायचो आणि परत यायचो.

नंदिनीनं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. फोटोत नवीकोरी गाडी होती, लालभडक, चिखलाचा एक थेंब न लागलेली. शोरूमवाला संध्याकाळपर्यंत थांबणार होता. हो म्हटलं तर शनिवारी गाडी हातात, आणि रविवारी मोसमातली शेवटची शर्यत.

“चांगली हाय,” वस्ताद म्हणाले.

“मग घेऊ?”

“आत्ता हाय त्या गाडीला काय झालंय?”

एवढं विचारायचा अवकाश, तिनं पाढा वाचायला सुरुवात केली. पुढचे शॉकअप बसलेत म्हणाली. वस्ताद म्हणाले, बसलेत. गाडी उचल घेत नाही म्हणाली. ते म्हणाले, घेत नाही. चौथ्या गिअरला अडखळते म्हणाली, तर तेही त्यांनी कबूल केलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरचा हो-हो करत गेला की जसं होतं, तसं तिचं झालं. आवाज उगाचच चढत गेला.

“आणि उजव्या वळणावर मागचं चाक सरकतंय.”

वस्तादांचे हात थांबले.

“उजव्याच?”

“उजव्याच.”

“डाव्या?”

“डाव्या वळणावर बरी असतीया.”

त्यांनी स्पंज बाजूला ठेवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आश्विनात याच ट्रॅकवर, उडीनंतरच्या उजव्या वळणावर ती पडली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी मोकळं केलं, आणि त्यानंतरच्या तीन शर्यतींत ती पाचवी, सातवी आणि नववी आली. लोक समोर काही बोलत नव्हते. मागं बोलत होते, आणि ते तिला ऐकू येत होतं.

“तुम्हाला सांगतो वस्ताद,” ती म्हणाली. कोल्हापूरची पोरगी, आलो-गेलो असंच बोलायची. “रविवारी उतरलो तर नव्या गाडीवर उतरणार. न्हाईतर हेल्मेट खुंटीला. परत ट्रॅकवर पाय ठेवणार न्हाई.”

हे ती गुर्मीतच म्हणाली. पण शेवटचा शब्द जरा ओला निघाला. मला वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत तिला उडी मारताना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी या वयात बाकड्यावर उभा राहिलो होतो. या पोरीनं थांबू नये असं मला मनापासून वाटत होतं.

वस्ताद उठले. बादलीत हात धुतले. तिची गाडी त्यांनी लोखंडी स्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहिलं.

“ह्यो टायर कधीचा?”

“पडल्यावर घातलेला. तुम्हीच घातलासा की.”

“बोट दे.”

“काय?”

“बोट दे म्हणतोय.”

तिनं हात पुढं केला. त्यांनी तिचं बोट धरून टायरच्या डाव्या कडेवर टेकवलं आणि दुसऱ्या हातानं चाक सावकाश फिरवलं. या टायरांना रबराचे मोठे ठोकळे असतात, माती धरण्यासाठी. डाव्या कडेचे ठोकळे झिजून गोल झाले होते, एकदोन तर तुटलेलेच.

मग त्यांनी तेच बोट उजव्या कडेवर नेलं. चाक तसंच फिरवलं.

तिथल्या ठोकळ्यांचे कोपरे शाबूत होते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, चार फेऱ्या मारल्या की झडतात. उजव्या कडेला ते केस अजून जागच्या जागी होते. बोटाला लागून ते वाकत होते आणि पुन्हा उभे राहत होते.

“टायर खराब निघालाय,” ती म्हणाली.

“आसंल. एका अंगानंच?” वस्तादांनी विचारलं.

माझ्यासारख्या अडाण्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. तिला मात्र वेळ लागला, कारण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. ती चाकाकडे बघत राहिली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरला, तरी ती बघतच होती.

“त्या वळणावर आलो की हात आपोआप सुटतोय,” शेवटी ती म्हणाली. “ॲक्सिलरेटरचा पीळ धरून ठेवायचा म्हणतो, आणि सुटतोय. गाडी उजवीकडं झोपवायची म्हटलं की हाड मोडल्याचा आवाज येतोय कानात.”

हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, मैत्रिणींना नाही. कदाचित स्वतःलाही नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला राग आला, आणि तिनं ते बाहीनं पुसून टाकलं. मी स्कूटरकडे बघत बसलो. कुणाच्या रडण्याकडे टक लावून बघू नये.

“तुम्हाला कधी भ्या वाटलं न्हाई वस्ताद?”

वस्तादांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली.

“ह्यो गेल्यावर मी तीन गाड्या बदलल्या.”

“मग?”

“चौथी कुणी देईना.”

तिला हसू आलं नाही. मला आलं, पण मी ते चहात बुडवलं.

“काढ गाडी,” वस्ताद म्हणाले.

त्यांनी ऑइलचा एक रिकामा डबा उचलला आणि लंगडत माळावर निघाले. मी मागोमाग गेलो. स्कूटर काही कुठं पळून जाणार नव्हती. म्हातारा थेट त्या उजव्या वळणापाशी गेला. आतल्या बाजूला डबा पालथा घातला आणि त्यावर बसला. ट्रॅककडे पाठ करून.

नंदिनी अंगावर संरक्षणाचे सगळे पट्टे-पॅड चढवून, गाडी घेऊन आली. त्यांना तसं बसलेलं बघून तिनं हेल्मेटची काच वर केली.

“बघणार न्हाईसा?”

“बघायला हे हाईत.” त्यांनी माझ्याकडे अंगठा केला. “मी ऐकतो.”

आणि त्यांनी डोळे मिटले.

ती सुटली. लांबच्या टोकाला वळून इंजिनचा आवाज जवळ यायला लागला. भरलेला, चढता आवाज. उडी झाली, आणि वळणाच्या अलीकडे तो आवाज एकदम खाली बसला. वळण संपल्यावर परत चढला.

वस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

दुसरी फेरी. तेच. तिसरी, तेच. वळणावर ती ताठ बसून जात होती, घाटात बैलगाडी उतरवावी तशी जपून. सातआठ वेळा मी तो आवाज खाली बसताना ऐकला. तोवर मला रडणाऱ्या पोरीची दया येत होती, आता हट्ट करणाऱ्या पोरीचं कौतुक वाटायला लागलं. ती एकदाही थांबली नाही.

मग कितव्यातरी फेरीला आवाज कमी बसला. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी कमी. वस्तादांची मान हलायची थांबली. ते हाताच्या बोटांनी मांडीवर काहीतरी धरून बसले होते, पीळ धरावा तसं.

पुढच्या फेरीला आवाज बसलाच नाही.

तो तसाच, अख्खा, वळणात शिरला. मी बघितलं. गाडी उजवीकडे झोपली, खूप झोपली, नंदिनीचा गुडघा जमिनीपासून वीतभर राहिला असेल. अर्धं वळण ती तशीच गेली. इतकं देखणं मी बऱ्याच दिवसांत काही बघितलं नव्हतं. आणि मग मागचं चाक बाहेर फेकलं गेलं, धाडकन आवाज झाला, आणि सगळीकडे धूळच धूळ.

मी धावलो. माझ्या वयात धावणं म्हणजे भरभर चालणं. जाता जाता मागं बघितलं, तर वस्ताद डब्यावर तसेच. मानसुद्धा वळवली नव्हती. मला त्यांचा संताप आला. हाड जुळून तीनच महिने झालेली पोरगी, आणि म्हातारा पाठ करून बसलाय.

धूळ खाली बसली. नंदिनी मुरमात उताणी पडली होती. मग उठून बसली. उजवा खांदा एकदा फिरवला, सावकाश. परत फिरवला, जोरात. हेल्मेट काढलं. दातांवर माती होती, आणि ती हसत होती. मी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

गाडी तिनंच उचलली. उजवीकडचा ब्रेकचा लिव्हर वाकून वर गेला होता. बाही कोपरापर्यंत फाटली होती. ती गाडी ढकलत वस्तादांपाशी आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

वस्तादांनी डोळे उघडले.

“पडलो, वस्ताद.”

“ऐकलं. कुठल्या अंगावर?”

“उजव्या.”

म्हाताऱ्यानं तिच्या त्याच खांद्याचा आधार घेतला, सगळं वजन टाकलं, आणि डब्यावरून उठला.

“मग आता घे नवी.”