जबाबदार दरोडेखोर निवृत्ती

वडजाई गावात एक भोळा दूधवाला होता, निवृत्ती भोईटे. वय एक्केचाळीस, मिशा भरघोस, अक्कल बेताची. जो जे सांगेल ते ऐकायचा. हाच त्याचा गुण, आणि हीच त्याच्या बायकोची, मंदाकिनीची डोकेदुखी.

त्या वर्षी गावाला नवा पोलीस पाटील नेमायचा होता. निवृत्तीने अर्ज केला. म्हणजे मंदाकिनीने केला, त्याने सही केली. आपल्या दाराला 'पोलीस पाटील' अशी पाटी लागावी, एवढीच त्या माउलीची इच्छा. पाटीसाठी तिने खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

अशातच तिचा भाऊ प्रसन्ना पुण्याहून आला आणि टीव्हीला जोडायचा एक खेळ दाजींना देऊन गेला. खेळात चोर व्हायचं. गाड्या पळवायच्या, बँका लुटायच्या, पोलिसांना चकवायचं. गाव कुजबुजलं, "पाटील व्हायचंय आणि धंदे बघा!"

मंदाकिनी म्हणाली, "खेळा हो तुम्ही. खेळ तो खेळ. पण जबाबदार माणसासारखं खेळा."

"बरं," म्हणाला निवृत्ती.

त्याने खेळात एक लाल मोटार पळवली. पुढे सिग्नल लागला. जबाबदार माणूस थांबला. मागून पोलीस आले, धरून नेलं. दुसरी मोटार, दुसरा सिग्नल, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा तुरुंगात जाऊन आला, पण पठ्ठ्याने एकही सिग्नल मोडला नाही.

मेहुणा फोनवर ओरडला, "दाजी, थांबायचं नसतं! आडवं येईल त्याला कट मारायचा आणि सुटायचं!"

"बरं."

सकाळी तो डेअरीला दूध घालायला निघाला. चौकात सरपंचांची म्हैस आडवी आली. निवृत्तीने कट मारला. मोटारसायकल उकिरड्यात, दोन कॅन दूध गटारात आणि बिथरलेली म्हैस सरपंचांच्या ओसरीवर.

"अहो, ते खेळात!" मंदाकिनीने कपाळ बडवून घेतलं. "कुणाला धक्का लागला तर उतरावं, हात जोडावेत, विचारपूस करावी!"

"बरं."

दुपारी खेळात एका गृहस्थाला गाडीचा धक्का लागला. निवृत्ती उठला आणि टीव्हीपुढे हात जोडून उभा राहिला. "दादा, फार लागलं का हो? घरी कोण कोण असतं?" दादा काही बोलेनात. पोलीस आले, धरून नेलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पोलीस दिसला की पळायचं! कपडे बदलायचे, म्हणजे ओळखत नाही!"

"बरं."

पुढे खेळ छान जमला. आठवडाभराने हवालदार शिरसाट वर्तनाची चौकशी करायला येणार होते. त्या दिवशी मंदाकिनीने सकाळीच पढवलं, "विचारतील ते खरं सांगा. आणि पाटलाचं काम ध्यानात ठेवा. डोळ्यांदेखत चोरी झाली, की लगेच ठाण्यात फोन!"

"बरं."

ती शेजारी साखर मागायला गेली आणि इकडे हवालदार दारात दिसले. निवृत्ती पळाला. थोड्या वेळाने बायकोचं हिरवं लुगडं नेसून, मिशांसकट बाहेर आला.

"निवृत्ती भोईटे कुठायत?"

"मीच की."

"मग हे लुगडं?"

"तुम्ही ओळखू नये म्हणून."

हवालदारांनी घाम पुसला. "आजवर काही गुन्हे?"

"चौदा गाड्या, तीन बँका, एक हेलिकॉप्टर."

हवालदारांचं पेन थांबलं. नजर टीव्हीवर गेली. मग आवाज एकदम बारीक झाला. "हेलिकॉप्टर मिळालं? मी घरी खेळतो तेव्हा दुसऱ्या बँकेतूनच बाहेर पडता येत नाही हो."

मंदाकिनी साखर घेऊन परतली, तेव्हा हवालदार टोपी काढून खेळात रंगले होते. शेजारी अर्ज. त्यावर लिहिलेलं, 'वर्तन चांगले.' फक्त सही बाकी होती. तिचे डोळे भरून आले. तिने खिळ्याकडे पाहिलं.

इतक्यात लुगडं सावरत निवृत्ती परसातून आला. हातात फोन.

"कुणाला हो फोन?"

"ठाण्यात. माझ्या डोळ्यांदेखत बँक लुटतायत. चोराचं नाव विचारलं त्यांनी. सांगितलं, हवालदार शिरसाट."

ठाण्यातल्या साहेबांची जीप सात मिनिटांत आली.

सगळा उलगडा होऊन साहेबांचं हसणं थांबायला अर्धा तास गेला. हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांनी 'चांगले' खोडलं आणि खाली लिहिलं, 'अर्जदार अत्यंत जबाबदार आहे. त्याला कोणतीही जबाबदारी देऊ नये.'

मंदाकिनीने रडत रडत तो शेरा नवऱ्याला वाचून दाखवला.

"बरं," म्हणाला निवृत्ती, आणि लुगडं सोडून खिळ्याला अडकवलं.