न मोजलेली कोकरं

पिवळ्याधमक गवताचा एक माळ होता, माळाच्या कडेला बाभळींचं बन होतं, आणि बनाजवळ म्हाकूच्या आबांचा मेंढ्यांचा तळ पडला होता. म्हाकू आठ वर्षांची. पायात चप्पल नाही, फ्रॉकला तीन रंगांची ठिगळं, आणि दप्तर म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी. पण म्हाकू त्याला कंटाळली नव्हती. ती कंटाळली होती मोजण्याला!

ऐका तर खरं हा घोळ. म्हाकूच्या घरची रीत अशी, की जिवंत काही मोजायचं नाही. खडे मोजा, चिंचोके मोजा, आभाळातल्या चांदण्या मोजा. पण मेंढीवर, कोकरावर, लेकरावर बोट धरून एक-दोन-तीन म्हणायचं नाही. मोजलं की दृष्ट लागते, असं तिची आजी सांगायची.

आणि गावच्या शाळेतल्या कुमुदबाई काय करायच्या? नेमकं तेच! बाई वाईट नव्हत्या हो, उलट फार हौशी. मुलांना त्यांच्या घरचंच विचारावं, म्हणजे ती बोलती होतात, असं त्या कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. म्हणून म्हाकूसाठी त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी कोकरं काढली. गुबगुबीत, कापसासारखी पांढरी, गुलाबी गुलाबी नाकाची.

"सांग म्हाकू, किती कोकरं?"

म्हाकूनं डोळे घट्ट मिटले.

"बरं, तुमच्या कळपात मेंढ्या किती?"

म्हाकूनं कानांवर हातही ठेवले.

पहिल्याच दिवशी तिनं धीर करून सांगितलं होतं, "बाई, आमच्यात मोजत न्हाईत."

"अगं राणी, म्हणूनच तर शिकायचं!" बाई गोड हसून म्हणाल्या होत्या. झालं, संपलं बोलणं! आता यावर त्या पोरीनं डोकं आपटून घ्यावं की काय?

त्यात रोज सकाळी खिचडीसाठी डोकी मोजायची. बाईंचं बोट फिरत फिरत जवळ आलं की म्हाकू टुणकन बाकाखाली. एखाददुसरं डोकं कमी भरलं की बाई म्हणायच्या, "असेल म्हाकू बाकाखाली!" आणि आपल्या मनानंच आकडा पुरा करून टाकायच्या.

शेवटी एका शनिवारी बाई म्हणाल्या, "म्हाकू, तुला दहापर्यंतही येत नाही. सोमवारपासून तू पहिलीत बस. आज संध्याकाळी येऊन तुझ्या आबांना सांगते मी."

सोमवारी तळ हलणार होता. तिसरीत असली तर म्हाकू गावात आत्याकडे राहून शिकणार, असं आबांनी कबूल केलं होतं. पण पहिलीत? "बारक्या पोरांत बसून काय करायचंय? चल आमच्यासंगं," असंच ते म्हणणार. मग वाचायला कधी यायचं? तिला तर गोष्टींची सगळी पुस्तकं वाचायची होती.

ती रडत रडत बाभळीच्या बनात गेली. बाभळी फुलल्या होत्या. पिवळी पिवळी, इवली इवली, मऊ मऊ गोंड्यांची फुलं! आणि त्यातलं एक फूल चक्क ओरडत होतं.

"अगं, नुसती बघतेस काय? सोडव ना मला!"

ती होती बोटाएवढी परी. अंगात बाभूळफुलाचा झगा, केसांत दवाचे चमचम मणी, आणि झिरझिरीत रुपेरी पंख काट्यात अडकलेला. म्हाकूनं डोळे पुसले, अलगद काटा वाकवला आणि पंख सोडवला. तिच्या बोटातून रक्ताचा थेंब आला, पण पंखावर ओरखडासुद्धा नाही.

"स्वतःच्याच झाडाचा काटा, आणि मलाच!" परी फणफणली. "रोज सांगते मी या बाभळीला. पण ऐकेल तर शपथ! बरं, तू माग काय मागायचं ते. एकच मागणं. दिवस मावळायच्या आत. आणि कुणाचं मन बदलून मागायचं नाही, ते मला जमत नाही. सगळे तेच मागतात मेले!"

"पर मला तेच पायजे हुतं," म्हाकू रडवेली झाली. "बाईंच्या ध्यानात येऊ दे, एवढंच."

"नाही म्हणजे नाही! त्यांचं ध्यान त्यांच्यापाशी. दुसरं माग."

म्हाकूनं पुष्कळ विचार केला. मग तिला सुचलं. "आमचा तळ इथंच ऱ्हाऊ दे, माझी शाळा हुईस्तोवर."

"हे जमेल. रोज हिरवंगार गवत उगवायला लावीन मी इथं," परी म्हणाली. "दिवस मावळताना सांग. पिवळं फूल हातात धरून मागायचं, विसरू नकोस."

संध्याकाळी कुमुदबाई स्कूटरवरून तळावर आल्या. मेंढ्या नुकत्याच जाळीच्या कुंपणात शिरल्या होत्या. बाईंना वाटलं, चला, ही बरी संधी आहे! त्यांनी जाळी जरा वर उचलली आणि बोट पुढे केलं. "बघ म्हाकू, सोप्पं असतं. एक, दोन, तीन, चार..."

आजी "अगं बया!" म्हणून मटकन खाली बसली. आबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाई मात्र रंगात आल्या होत्या. मेंढ्या काय थांबतात होय मोजायला? हलल्या, वळल्या, एकमेकींत घुसल्या. बाई तीनदा चुकल्या आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

म्हाकूनं एकदाच कळपावरून नजर फिरवली आणि ती किंचाळली, "आबा! चांदव्या न्हाय!"

चांदव्या म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेलं चार दिवसांचं कोकरू. उचललेल्या जाळीखालून ते कधी सटकलं, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"काहीतरीच! न मोजता कसं कळलं तुला?" बाई म्हणाल्या.

"त्यात मोजायचं काय हाय?" म्हाकू आता खरंच चिडली होती. "ती बघा काळकानी, तिच्यामागं लंगडी, तिची दोन्ही पोरं, पल्याड तांबूस. सगळ्यांची तोंडं दिसत्यात. चांदव्याचं तेवढं दिसत न्हाय!"

चांदव्याची आई बें बें करून ओरडत होती. बनात लांडगे फिरायचे. आबा एकीकडे धावले, आजी दुसरीकडे. सूर्य माळाच्या कडेला टेकला होता, आणि म्हाकूच्या हातात ते पिवळं फूल होतं.

तिनं एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा त्या मेंढीकडे.

"चांदव्या सापडू दे," ती म्हणाली.

"अगं वेडे, मग शाळेचं काय?" कानाशी परी करवादली. "किती समजावलं होतं!"

पण दिलेला शब्द परी मोडत नाही. बनातली फुलं एकामागून एक उजळली. पिवळ्या दिव्यांची नाजूक वाट लुकलुकत बनापलीकडच्या घळीपर्यंत गेली, म्हाकू तिच्यावरून धावली, आणि काटेरी झुडपात अडकलेला, थरथरणारा चांदव्या म्हाकूच्या कुशीत आला.

बाईंना दिवे दिसले नाहीत. त्यांना दिसली फक्त पोर आणि तिच्या गळ्याशी नाक घासणारं कोकरू. त्यांनी उचललेली जाळी पुन्हा खाली नीट बसवली. मग आजीशेजारी मातीत बसून हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं. का मोजायचं नाही, ते मला नीट सांगाल?"

एवढं विचारायला इतके दिवस लागले बाई तुम्हाला! पण विचारलं खरं. आजी सांगत राहिली आणि बाई ऐकत राहिल्या. निघताना त्यांनी मूठभर चिंचोके म्हाकूपुढे ओतले. म्हाकूनं चुटकीसरशी मोजले, दोन-दोनच्या जोड्या लावल्या, आणि वर पाढाही म्हणून दाखवला. आबांनी तिथल्या तिथं सांगितलं, पोर आत्याकडं राहील, तिसरीत बसंल.

सोमवारी सकाळी बाई वर्गात उभ्या राहिल्या, पण बोट वर आलं नाही. त्या एकेक चेहरा बघू लागल्या, अगदी सावकाश.

"बाई, आकडा सांगा की! तांदूळ किती घालू?" स्वयंपाकाच्या मावशी वैतागून ओरडल्या.

"थांबा हो जरा!" बाई म्हणाल्या, आणि एका रिकाम्या जागेपाशी अडखळल्या. "इथं लाल दोऱ्याच्या वेणीची मुलगी बसायची ना? वीटभट्टीवरून येणारी? तिचं नाव काय?"

बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लच्ची," म्हाकू म्हणाली. "गुरवारपासनं आली न्हाई."

बाईंचा चेहरा पडला. रोज डोकी मोजली होती, कमी भरलं ते म्हाकूच्या नावावर टाकलं होतं, आणि लच्ची गेली ते कळलंच नव्हतं. त्यांनी मुलांना मावशींवर सोपवलं, म्हाकूला स्कूटरवर बसवलं आणि तडक भट्टी गाठली. लच्ची विटांच्या ढिगामागे एकटीच खेळत होती.

"शाळेत का येत नाहीस गं?" बाईंनी विचारलं.

"तिथं मला कुणी हाक मारत नाही," लच्ची म्हणाली.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "लच्ची," त्यांनी हाक मारली. लच्चीनं मान वर केली, तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

विटांच्या ढिगावर बसून परी हे सगळं बघत होती. "हुश्श! आलं बाई एकदाचं ध्यानात," ती पुटपुटली. "आणि मला बोटसुद्धा लावावं लागलं नाही!" तिनं म्हाकूच्या केसांत एक पिवळं फूल खोवलं, गिरकी घेतली, आणि लख्ख सोनेरी उजेडात दिसेनाशी झाली.

मग तिघी एका स्कूटरवरून शाळेत आल्या, आणि मावशींनी तांदूळ घातले.