राणीसाठी बांधलेले काचेचे तळे

एका राज्यात पाणी भरपूर होते, पण कोणाची तहान भागत नव्हती. विहिरी काठोकाठ भरलेल्या, माणसे तांब्यामागून तांब्या रिकामा करीत, तरी ओठ कोरडेच. गुरे नदीत तोंड घालून उभी राहत आणि हंबरत राहत. राणी हेमगौरी नाहीशी झाली, त्या दिवसापासून हे असे चालले होते.

राजाचे नाव अरिंजय. हेमगौरी मूळची डोंगरापलीकडची, नीलसरोवराच्या काठची. लग्नात राजाने वचन दिले होते, दरवर्षी तुला माहेरी नेईन. पण एका वर्षी लढाई निघाली, दुसऱ्या वर्षी किल्ल्याचे काम, आणि पुढे नुसतेच राहून गेले. राणी काही बोलली नाही. सज्जात उभी राहून डोंगराकडे बघत असे, एवढेच. अखेर एका सकाळी ती एकटीच निघाली, आईला भेटली, सरोवरात पाऊल टाकले आणि म्हणाली, "आता मला इथून कोणी नेऊ नये."

त्या पाण्याचा राखणदार शंबरक नावाचा मांत्रिक होता. त्याने ते ऐकले आणि तिचा मासा केला.

राजा घोडा फेकीत तिथे पोहोचला. पाण्यात निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे असंख्य मासे फिरत होते. शंबरक खडकावर बसला होता.

"माझी राणी परत दे," राजा म्हणाला.

"ती माहेरी आहे. न्यायची असेल तर तिला करमेल असे घर आधी बांध. मग यांतून तिला ओळख. निवड एकदाच. चुकलास तर ती मासाच राहील आणि तुझ्या प्रजेची तहानही तशीच राहील."

राजा परतला. त्याने महालात पुरुषभर उंचीचे काचेचे तळे बांधून घेतले. त्यात महालातल्या विहिरीचे गोड पाणी भरले, तळाशी मोती अंथरले, मधोमध सोन्याचा चिमुकला राजवाडा ठेवला. तेवढ्यात तळ्याच्या काठावर एक खंड्या येऊन बसला. निळे पंख, लांब चोच, आणि आवाज माणसाचा.

"राजा, मोती कधी मागितले होते तिने?"

राजाने तळाशी अंथरलेल्या मोत्यांकडे पाहिले.

"मी नीलसरोवरावरचा. मासे खातो, म्हणून मासे मला कळतात. तुला तीन कामे करावी लागतील. तिथले पाणी आणायचे, तिथले दगड आणायचे आणि मग मासा निवडायचा. पहिली दोन चुकली तर तिसरे करूच नकोस."

राजाने मोती काढले, राजवाडा काढला, गोड पाणी उपसून टाकले.

नीलसरोवराचे पाणी चुनखडीचे, जड. नोकरांनी घागरी भरल्या, पण डोंगर उतरेपर्यंत त्या रिकाम्या झाल्या. राजाने स्वतः भरलेली घागर तेवढी भरलेली राहिली. तेव्हा राजाने कावड खांद्यावर घेतली. वाटेत घशाला कोरड पडली. खांद्यावरचे पाणी हेमगौरीच्या आवाजात म्हणे, "घोटभर घ्या ना." राजा डोळे मिटून पुढे चाले. कितीतरी खेपा झाल्या, खांदे सोलवटले, पण एका थेंबाला त्याने तोंड लावले नाही. तळे भरले.

मग दगड. खंड्या म्हणाला, "हे मासे आपापली कपार राखणारे. आडोसा मिळाला नाही तर एकमेकांना फाडतील. कपारी रचायला दगड पुष्कळ लागतील." पण काठावरचा एकही दगड राजाला उचलेना.

"तिची एकेक आठवण सांग," खंड्या म्हणाला. "ऐकल्यावर हलतील."

राजाने लग्नातला तिचा हिरवा शालू सांगितला, एक दगड हलला. तिचे हसणे सांगितले, दुसरा हलला. तिचे गाणे सांगितले. त्यापुढे त्याला काही आठवेना. इतकी वर्षे एका छताखाली काढली आणि आठवणी ओंजळभरही नाहीत! राजा मान खाली घालून काठावरच्या एका घरी गेला. तिथे हेमगौरीची आई जाळे विणीत बसली होती.

"सासूबाई, मला हेमगौरी सांगा."

म्हातारीने हातातले जाळे बाजूला ठेवले. "बसा, जावईबापू." आणि ती सांगत गेली. लहानपणी हेमगौरी खडकाला कान लावून बसे. रुसली की केस विंचरू देत नसे. आंबट कैरी मिठाशिवाय खाई. राजा ऐके, मध्येच विचारी, पुन्हा ऐके. बाहेर काठावर दगड एकेक करून सुटत होते.

शेवटी म्हातारी थांबली. "आणि ती आली तेव्हा तिला दिवस गेले होते. तुम्हाला बोलली नाही?"

"मी विचारले नाही," राजा म्हणाला.

दगड महालात आले, कपारी रचल्या गेल्या. राजा निवडीसाठी सरोवरावर गेला. त्याने पाण्यात दाणे टाकले आणि हाक मारली, "हेमगौरी!"

एक सोनेरी मासोळी झळाळत वर आली. "मी आले, महाराज," ती राणीच्याच आवाजात म्हणाली. एक निळी मासोळी त्याच्या तळहाताला गाल घासू लागली. किती दिवसांनी तो आवाज कानी पडत होता!

पण खाली कपारीत एक राखाडी मासोळी होती. अंग वाळलेले, जबडा फुगलेला. समोरून दाणे वाहत गेले, तिने एकही घेतला नाही. नुसती राजाकडे बघत राहिली.

"ती का खात नाही?" राजाने विचारले.

"निवडीच्या वेळी मी काही सुचवू शकत नाही," खंड्या म्हणाला.

राजा गळ्यापर्यंत पाण्यात उतरला. मासोळीने श्वासापुरते ओठ उघडले, आणि आत मोहरीएवढा एक डोळा चमकला. तोंडात पिल्लू होते. म्हणून ती खात नव्हती, म्हणून तिला ओ देता येत नव्हती.

राजाने ओंजळ पुढे केली. "हिला," तो म्हणाला. शंबरकाने मान हलवली; होकार की नकार, ते कळले नाही.

काचेच्या तळ्यात राखाडी मासोळी कपारीकपारीतून फिरली, मग एका जागी थबकली. मासोळीच राहिली. राजा काचेपाशी बसला, अन्न सोडून बसला. ती डोंगराच्या दिशेला तोंड करून असे. अखेर त्याने काचेवर हात ठेवला.

"तुला इथे करमत नसेल तर सांग. मी स्वतः तुला परत नेऊन सोडीन. आणि तिथेच काठावर झोपडी बांधून राहीन. राज्य दुसरा कोणी सांभाळील."

मासोळी वळली. काचेजवळ आली आणि तिने तोंड उघडले. एक इवले पिल्लू बाहेर आले आणि राजाच्या तळहातासमोर पोहू लागले. त्याच क्षणी पाणी उजळले. तळ्यात केस निथळत राणी हेमगौरी उभी होती आणि तिच्या हातांत एक मुलगी रडत होती.

स्वयंपाकघरात एक दासी पाणी पीत होती. तिने भांडे अर्ध्यावर खाली ठेवले आणि म्हणाली, "पुरे." गावोगाव माणसांनी भांडी खाली ठेवली, गुरे नदीतून वळून घराकडे चालू लागली.

"भूक लागली आहे," राणी म्हणाली.

राजाने स्वतः ताट वाढले. ती जेवली, सावकाश, अगदी शेवटच्या घासापर्यंत. मग मुलीला मांडीवर घेऊन बसली.

"हिचे नाव काय ठेवावे, असे तुला वाटते?" राजाने विचारले, आणि ती बोलेपर्यंत तो थांबला.