चंपीचा ऊस आणि पंतांची मिशी

आमचे आजोबा सांगायचे ती गोष्ट. आठवते तशी सांगतो, घाई करू नका.

एका संस्थानात चंपी नावाची हत्तीण होती. तिला रोज बारा मोळ्या ऊस मिळायचा. एका उन्हाळ्यात ऊस कमी पडला, म्हणून कारभारी रंगोपंतांनी तिचा ऊस शेकडा पन्नास कमी केला. सहा मोळ्यांवर बिचारीच्या फासळ्या दिसू लागल्या.

पुढे ऊस उदंड झाला. पंतांनी हुकूम काढला, "शेकडा पन्नास वाढवा!" तरी चंपीसमोर नऊच मोळ्या पडायच्या. शेवटी तिचा माहूत दस्तगीर महाराजांपुढे उभा राहिला.

"सरकार, हत्तीण अजून उपाशी आहे. तीन मोळ्या कुठं गेल्या?"

"अरे, पन्नास गेले, पन्नास आले. फिटलं की!" पंत मिशीला पीळ देत म्हणाले. "तुला रे काय कळतंय शेकड्यातलं?"

"नाही कळत, पंत. म्हणून तुमच्या मिशीवर समजावून द्या," दस्तगीर शांतपणे म्हणाला. "मिशी आहे आठ बोटं. शेकडा पन्नास कापू, चार बोटं राहील. मग त्या चारावर शेकडा पन्नास वाढली, की झाली पहिल्यासारखी. होय ना?"

महाराजांना हसू आवरेना. "बोलवा रे न्हाव्याला!"

पंतांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "नको सरकार! सहाच बोटं होईल ती! शेकडा शंभर वाढवा... चंपीचा ऊस हो, त्या सहा मोळ्यांवर शेकडा शंभर!"

त्याच संध्याकाळी चंपीनं बारा मोळ्या फस्त केल्या. पंत मात्र न्हावी दिसला की वाट बदलायचे म्हणे.