केरबानं आणलेली खबर

वाईट बातमी कशी सांगायची, ठाऊक आहे का तुम्हाला? एका गावात एक भोळा केरबा होता. त्याला ठाऊक नव्हतं. पण सांगाल ते तो अगदी तसंच करायचा.

गावच्या नाट्यमंडळानं जत्रेसाठी प्राचीन ग्रीस देशातलं शोकनाटक घेतलं. नाटक बसवायला नरहरमास्तर. सरपंच त्यांना म्हणाले, "मास्तर, गेल्या तीन नाटकांना लोक झोपले. यंदा रडले नाहीत, तर पुढच्या वर्षी मंडळ बंद. ऑर्केस्ट्रा आणणार." मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

त्या नाटकात मरण डोळ्यांसमोर दाखवत नाहीत. दूत येऊन सांगतो. केरबाचा आवाज खणखणीत, म्हणून तो दूत झाला. राजा झाला बाळकू शिंपी.

पहिल्या तालमीला केरबा हसत हसत आला. "राम राम महाराज. तुमचा मुलगा लढाईत मेला."

मास्तर ओरडले, "असं सांगतात होय? आधी छाती बडवायची. मग 'घात झाला' म्हणायचं."

"बरं मास्तर. तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या लेकीला, सुलूला, मुलगा झाला. दवाखान्यातून निरोप आणला केरबानं. दारातच मास्तरांच्या बायकोसमोर त्यानं छाती बडवली. "घात झाला, काकू! सुलूला मुलगा झाला!"

काकू मटकन खाली बसल्या.

"अरे शहाण्या," मास्तर म्हणाले, "आधी हातावर पेढा ठेवायचा, मग सांगायचं!"

"बरं मास्तर. तसंच करीन."

संध्याकाळच्या तालमीत त्यानं राजाच्या हातावर पेढा ठेवला. "महाराज, युवराज गेले."

बाळकूनं पेढा तोंडात टाकला. "ताजा आहे रे. आणखी एक दे."

"छाती बडव बाबा, छाती!" मास्तर कळवळले.

"बरं मास्तर."

त्याच आठवड्यात सरपंचांचे मामा वारले. निरोप घेऊन गेला केरबाच. छाती बडवून म्हणाला, "घात झाला! मामा मेले!" सरपंचांची म्हातारी आई भोवळ येऊन पडली.

मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. "घरच्या माणसाला असं तोंडावर सांगू नये रे. 'जरा आजारी आहेत, चला' एवढंच म्हणावं. तरी कुणी रडलंच, तर धीर द्यावा."

"बरं मास्तर. तसंच करीन."

जत्रेत नाटक उभं राहिलं. बाळकू थरथरत पुढे आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "दूता, माझा बाळ कसा आहे?"

केरबानं त्याच्याकडे पाहिलं. बाप तो, घरचाच माणूस.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "युवराज जरा आजारी आहेत. चला."

पडद्यामागे मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण मांडवात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. या वाक्याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून द्यावा लागत नाही. बायकांनी तोंडाला पदर लावला. बाळकूनं हंबरडा फोडला. सरपंचसुद्धा उपरण्यानं डोळे पुसू लागले.

"रडले! रडले!" मास्तरांनी हात जोडले.

एवढी माणसं रडताना पाहून केरबा गलबलला. धीर द्यायलाच हवा होता. तो आत धावला आणि युवराज झालेल्या सदूला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. सदूच्या हातात चहाचा कप, मिशीला बिस्किटाचा चुरा.

"रडू नका, मंडळी! हा बघा, धडधाकट आहे! मघापासून आत चौथा चहा पितोय!"

डोळे पुसणारा अख्खा मांडव पोट धरून हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच तालुक्याला गेले आणि पुढच्या जत्रेसाठी ऑर्केस्ट्रा ठरवून आले.