पेपरामागचं ‘हं’

“...पण बाबा, त्या सकाळी ती काय म्हणाली असेल?”

गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीत, चिंचेखाली, शहानूर फकीर तुटलेल्या माळेचे मणी पुन्हा ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर मनोहरपंत, निवृत्त हेडमास्तर. बायकोला जाऊन तीन महिने झाले होते, तरी काखेत आजचा पेपर होताच. कुठलं सरकार कोणी पाडलं, कोण कुणाच्या गटातून फुटला, यावर पारावर वाद पेटला की निवाडा पंतांकडे यायचा. पंतांना त्याचा भारी अभिमान.

“काय झालं त्या सकाळी?” बाबांनी विचारलं.

“मी पेपर वाचत होतो. तिनं चहा आणून ठेवला. काहीतरी बोलली. मी ‘हं’ म्हटलं. दुपारी ती गेली...”

“पेपरात काय होतं?”

पंतांनी घडाघडा सांगितलं. किती आमदार फुटले, राजीनामा कोणी खिशात ठेवला, अग्रलेखाचा मथळासुद्धा. सांगता सांगता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

बाबांनी मणी खाली ठेवले. “द्या तो पेपर.”

पेपर पुरता उलगडून त्यांनी तोंडासमोर धरला.

“बोला आता. बाईंबद्दल बोला.”

“चाळीस वर्षांचा संसार, बाबा...”

“हं.”

“चहात आलं घालायची. थंडीत जरा जास्तच.”

“हं.”

“शेवटी शेवटी तिला जिना चढवत नव्हता. तिनं मला सांगितलंही असेल...”

“हं.”

पान उलटलं. पंतांना राग आला. एवढी पायपीट करून यायचं, आणि बोलायचं कुणाशी, तर कागदाशी? ते गप्प बसले.

बराच वेळ गेला...

“हं,” पेपरामागून आवाज आला.

पंतांनी चमकून पेपराकडे पाहिलं. आपण तर काहीच बोललो नव्हतो.

बाबांनी पेपर खाली घेतला. पंतांचे डोळे भरून आले होते.

“एवढंच सांगा, बाबा. काय म्हणाली असेल ती?”

बाबांनी पेपराची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

“पंत, बाई त्या सकाळी बोलल्या होत्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”